पुण्याच्या उन्हाळ्यासाठी बर्बन आणि व्हिस्की : नवशिक्यांनी बाटली कशी निवडावी

व्हिस्कीविषयी जे लेखन आपल्याला वाचायला मिळते, त्यातले बरेचसे थंड प्रदेशातल्या लोकांनी थंड खोलीत बसून केलेले असते. ‘व्हिस्की खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला स्कॉटलंडमधल्या अठरा अंशांच्या दिवाणखान्यात अगदी योग्य आहे. पण मे महिन्यात सदाशिव पेठेतल्या वरच्या मजल्यावर, जिथे रात्री नऊ वाजताही भिंती तापलेल्या असतात, तोच सल्ला तंतोतंत पाळला तर पेला नाकाशी नेताच आधी जाणवतो तो अल्कोहोलचा भपका, आणि धान्याचा, लाकडाचा, व्हॅनिलाचा वास त्याच्या मागे कुठेतरी दबून जातो. तापमान वाढले की अल्कोहोल अधिक वेगाने उडते, एवढे साधे कारण त्यामागे आहे. म्हणून उन्हाळ्यात बाटली निवडताना ब्रँडचे नाव, वय किंवा खोक्याची चमक यांच्या आधी एक गोष्ट ठरवावी : या व्हिस्कीत किती बर्फ वितळणार आहे आणि किती पाणी किंवा सोडा पडणार आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नावर उभ्या आहेत.

पहिली पायरी : आधी पेला ठरवा

उन्हाळ्यातले व्हिस्कीचे प्रकार ढोबळपणे तीन. पहिला उंच पेल्यातला, भरपूर बर्फ आणि सोडा असलेला, म्हणजे हायबॉल. दुसरा लिंबू, साखर आणि बर्फासह हलवून गाळलेला. तिसरा नुसता चाखण्याचा, ज्यात फार तर थोडे पाणी किंवा बर्फाचा एकच मोठा खडा असतो. या तिन्हींत पाण्याचा वाटा फार वेगळा असतो, आणि नवखा ग्राहक तिथेच फसतो, कारण दुकानात तो एकच बाटली घेतो आणि तिच्याकडून तिन्ही कामांची अपेक्षा धरतो.

थोडे गणित मांडून पाहू. ४० टक्के तीव्रतेची ६० मिली व्हिस्की १८० मिली सोड्यात घातली, तर बर्फ वितळण्याआधीच पेल्यातले अल्कोहोल १० टक्क्यांवर येते. बर्फ वितळू लागला की ते आणखी खाली जाते आणि त्याबरोबर चवही पातळ होत जाते. तीच व्हिस्की ५० टक्क्यांची असेल, तर सुरुवात साडेबारा टक्क्यांपासून होते आणि अर्धा पेला संपेपर्यंत तरी आपण व्हिस्की पीत आहोत हे कळते. लिंबू-साखरेबरोबर हलवलेल्या पेयात सुमारे पाव हिस्सा पाणी बर्फातूनच येते, त्यामुळे तिथेही हाच हिशेब लागू पडतो. उलट नुसती चाखायची असेल, तर आपल्या हवेत ५० टक्क्यांची व्हिस्की जिभेला चटका देते आणि ४० ते ४३ टक्क्यांची सौम्य बाटली अधिक आनंद देते. म्हणजे बर्फाच्या पेयांसाठी तीव्र आणि ठसठशीत, नुसत्या चाखण्यासाठी सौम्य. नवशिक्याने सुरुवातीला एवढे सूत्र धरून चालावे.

दुसरी पायरी : लेबल वाचायला शिका

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकी व्हिस्की, आणि हे नाव कुणीही कोणत्याही बाटलीवर छापू शकत नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसार ती अमेरिकेतच तयार व्हावी लागते. धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका असावा लागतो. भट्टीतून निघणाऱ्या मद्याची तीव्रता ८० टक्क्यांपेक्षा आणि पिंपात भरतानाची तीव्रता ६२.५ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही; पिंप नव्या ओक लाकडाचे आणि आतून जाळून कोळसा केलेले असावे लागते; आणि बाटलीत भरताना किमान ४० टक्के अल्कोहोल असावे लागते. तिच्यात पाण्याशिवाय काहीही मिसळता येत नाही, ना रंग ना स्वाद. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बनला त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. ती केंटकी या अमेरिकी राज्यातच बनली पाहिजे, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो खरा नाही, जरी बहुसंख्य बर्बन केंटकीतूनच येत असली तरी.

लेबलवर आणखी दोन शब्दप्रयोग शोधावेत. ‘स्ट्रेट’ असे लिहिले असेल, तर ती बर्बन किमान दोन वर्षे पिंपात राहिलेली असते, आणि चार वर्षांपेक्षा कमी वयाची असेल तर तिचे वय छापणे बंधनकारक असते. म्हणून वय न छापलेली स्ट्रेट बर्बन निदान चार वर्षांची आहे असे निर्धास्तपणे समजता येते. ‘बॉटल्ड इन बाँड’ हा शिक्का १८९७ च्या कायद्यातून आला. त्या काळी बाजारात भेसळीचा सुळसुळाट होता आणि ग्राहकाला खात्रीचा माल मिळावा हा त्यामागचा हेतू होता. असे लिहिलेली व्हिस्की एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात तयार झालेली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षे ठेवलेली आणि नेमकी ५० टक्के तीव्रतेची असते. बर्फाच्या पेयांसाठी यापेक्षा भरवशाची खूण लेबलवर दुसरी नाही.

‘प्रूफ’ हा आकडा पाहून गोंधळू नये. अमेरिकी बाटलीवर प्रूफ म्हणजे टक्केवारीच्या दुप्पट, त्यामुळे १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. आपल्याकडच्या बहुतेक देशी व्हिस्कींवर दिसणारा ४२.८ टक्के हा आकडा मात्र जुन्या ब्रिटिश मोजणीतून आला आहे. त्या मोजणीत १०० अंश प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के, आणि त्याचे ७५ अंश म्हणजे ४२.८.

तिसरी पायरी : धान्य ओळखा

बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका ठरलेला असला, तरी उरलेल्या धान्यावरच तिचा स्वभाव ठरतो. मका गोडवा देतो. राय हे धान्य मिरी, लवंग आणि सुक्या पुदिन्याची आठवण करून देणारा तिखटपणा आणते. गहू घातला तर सगळे मऊ होते, पावासारखा गोडसर वास येतो. मोड आणलेली बार्ली मुख्यतः पिष्टाची साखर करण्यासाठी असते, पण तीही थोडा खमंगपणा सोडून जाते.

पुण्यात सहज आढळणाऱ्या बाटल्यांवरून हे समजून घेता येईल. मेकर्स मार्कमध्ये राय नाहीच; ७० टक्के मका, १६ टक्के गहू आणि १४ टक्के बार्ली असे तिचे प्रमाण आहे, त्यामुळे ती नुसती चाखण्यासाठी नवशिक्याला सर्वांत आधी आवडते. वुडफर्ड रिझर्व्हमध्ये ७२ टक्के मका, १८ टक्के राय आणि १० टक्के बार्ली असते. तिच्यात सुकामेवा आणि मसाला दोन्ही जाणवतात, म्हणून ती नुसतीही चालते आणि लिंबाबरोबरही. जिम बीमची पांढऱ्या लेबलची बाटली चार वर्षांची, ४० टक्क्यांची, हलकी आणि तुलनेने परवडणारी असते. सोड्यात घालायला ती ठीक आहे, मात्र सोडा तिथे दुप्पटच ठेवावा, तिप्पट नव्हे. वाइल्ड टर्की १०१ ही ५०.५ टक्क्यांची आणि रायचा ठसका असलेली बर्बन मिळाली, तर उन्हाळ्यातल्या बर्फाळ पेयांसाठी माझी पहिली पसंती तिलाच राहील. जॅक डॅनियल्स ही टेनेसी व्हिस्की, म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली. तिच्यात ८० टक्के मका असतो आणि पिंपात भरण्यापूर्वी ती मेपलच्या कोळशातून गाळली जाते. तिला एक वेगळी केळ्यासारखी गोडी असते, जी कुणाला फार आवडते आणि कुणाला अजिबात नाही.

बर्बनखेरीज उन्हाळ्यात दोन कुटुंबांचा विचार करण्यासारखा आहे. आयरिश व्हिस्कीतल्या जेमसनसारख्या बाटल्या तीन वेळा ऊर्ध्वपातन केलेल्या, हलक्या आणि फळांच्या वासाच्या असतात. आले आणि सोडा यांच्याबरोबर त्या छान जमतात. दुसरे कुटुंब आपले स्वतःचे. बर्बनसाठी पिंप नवे लागत असल्याने एकदा वापरलेली पिंपे स्कॉटलंडला, आयर्लंडला आणि भारतातही येतात. बंगळुरूच्या अमृत किंवा गोव्याच्या पॉल जॉन यांच्या सिंगल माल्टमध्ये (एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनवलेल्या व्हिस्कीत) जी व्हॅनिलाची गोडी जाणवते, ती बऱ्याच अंशी त्या पिंपांची देणगी आहे. आपल्या हवेत पिंपातली व्हिस्की लवकर पिकते, आणि उडूनही तितकीच जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे दोन टक्के घट होते, तर भारतात ती दहा टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणून आपल्या माल्टवर बारा-अठरा वर्षांचे आकडे शोधत बसू नये. अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन सादर केली होती.

धुराचा वास असलेल्या स्कॉचचा मोह मात्र एप्रिल-मेमध्ये आवरावा. तापलेल्या खोलीत तो धूर जड होतो. अशी बाटली घरात असलीच, तर आले-मध-लिंबाच्या पेयावर तिचा एक चमचा वरून सोडावा. तेवढा पुरतो आणि शोभतो.

चौथी पायरी : दुकानात

महाराष्ट्रात व्हिस्की विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवानाही लागतो. हा परवाना एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असा मिळतो. पार्टीसाठी बाटल्या आणायच्या असतील, तर ज्याच्याकडे परवाना आहे त्यानेच त्या आणाव्यात, आणि तारखेआधी ड्राय डे पाहून ठेवावेत. ऐन शनिवारी निवडणुकीमुळे दुकान बंद आढळणे हा पुणेकरांना नवा अनुभव नाही.

आयात मद्यावर सीमा शुल्क जबर असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरचे शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. तरीही राज्याचे कर धरून केंटकीतली मध्यम बाटली आपल्याकडे चैनीची वस्तू बनते. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला सांगायचे असेल, तर प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येते हे लक्षात ठेवावे, आणि त्याने पुण्यात सहज मिळणारी बाटली न आणता इथे न दिसणारी, विशेषतः बॉटल्ड इन बाँड किंवा राय व्हिस्की आणावी.

दुकानात गेल्यावर आधी खंब्याकडे, म्हणजे मोठ्या बाटलीकडे, वळू नये. लहान बाटली किंवा मिनिएचर मिळत असेल, तर दोन वेगळ्या स्वभावाच्या बर्बन, म्हणजे एक गव्हाची आणि एक रायची, थोड्या-थोड्या घेऊन एकाच संध्याकाळी शेजारी ठेवून चाखाव्यात. त्यातून जे कळते ते दहा परीक्षणे वाचून कळत नाही. झाकणाचे सील, छापील एमआरपी आणि काचेवरची तीव्रता तपासावी. काऊंटरच्या काचेत दिवसभर उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नये; मागच्या कपाटातली मागावी, दुकानदार कुरकुरेल पण देईल. कमी दरातल्या देशी व्हिस्कींपैकी अनेकींत उसाच्या मळीपासून बनवलेले मद्य मिसळलेले असते. सोड्यात त्या चालून जातात, पण बर्बनऐवजी त्या वापरून लिंबाचे पेय केले तर धान्याची आणि लाकडाची जी गोडी लिंबाला तोलून धरते तीच नसते, आणि मग साखर वाढवत बसावे लागते.

पाचवी पायरी : बर्फ आणि पाणी

या पायरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि म्हणूनच घरची पेये बारमधल्यासारखी होत नाहीत. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. पेय थंड होते ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळे, नुसता बर्फ त्यात असल्यामुळे नव्हे. म्हणजे थंडावा आणि पाणी ही जोडी सुटत नाही, फक्त तिचा वेग आपल्या हातात असतो. बारीक खड्यांचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ते झपाट्याने थंड करतात आणि झपाट्याने पातळ करतात; मोठा खडा सावकाश. यातून एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते : उंच पेल्यात बर्फ कमी घातला तर पेय जास्त पातळ होते, कारण ते थोडे खडे गरम सोड्याला थंड करता करता पूर्ण वितळून जातात. पेला बर्फाने काठोकाठ भरावा, सोडा आणि पेलाही आधीच फ्रिजमध्ये थंड करून ठेवावा, म्हणजे बर्फावरचा भार हलका होतो.

बर्फ घरीच करायचा तर गाळलेल्या पाण्याचा करावा आणि झाकणाच्या डब्यात ठेवावा. फ्रीझरमध्ये शेजारी मासे किंवा आंब्याचा साठवलेला रस असेल, तर त्यांचा वास बर्फ सहज उचलतो आणि तो वास नेमका हायबॉलमध्ये प्रकट होतो. मोठा खडा हवा असेल, तर स्टीलच्या वाटीत पाणी गोठवले तरी काम भागते. बाहेरून लादीचा बर्फ आणणार असाल, तर तो खाण्याजोगा आहे याची खात्री करावी. मासळीसाठीचा बर्फ पेल्यात घालण्यासाठी नसतो.

मोजमापाला पर्याय नाही. अंदाजाने ओतलेला पेग पार्टी रंगात येते तसा मोठा होत जातो. ३० आणि ६० मिलीचे माप असलेला जिगर कुठेही मिळतो, तो घ्यावा. तो येईपर्यंत औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मोजमापाचे झाकण स्वच्छ धुऊन वापरायला हरकत नाही.

सहावी पायरी : पाच पेये

हायबॉलपासून सुरुवात करावी, कारण त्यात लपायला जागा नाही. काठोकाठ बर्फ भरलेल्या उंच पेल्यात ६० मिली व्हिस्की घालून ती बर्फाबरोबर थोडी ढवळावी, मग थंडगार सोडा पेल्याच्या कडेने अलगद ओतावा, चमचा एकदाच तळापर्यंत नेऊन वर उचलावा आणि थांबावे. जास्त ढवळले की सोड्यातला वायू निघून जातो. लिंबाच्या सालीचा एक तुकडा वर पिळला की त्यातले तेल पृष्ठभागावर पसरते. यासाठी ठसकेदार बर्बन, आयरिश किंवा हलकी सिंगल माल्ट कोणतीही चालते. साध्या सोड्याचा कंटाळा आला, तर पुण्यातल्या जुन्या सोडावाल्यांकडे आल्याचा सोडा मिळतो. तो गोड असतो, म्हणून त्यात साखर घालू नये, फक्त कागदी लिंबाच्या दोन फोडी पिळाव्यात.

व्हिस्की सावर हे दुसरे, आणि माझ्या मते पुण्याच्या उन्हाळ्याला सर्वांत शोभणारे पेय. परदेशी कृतींत पिवळे लेमन सांगितलेले असते. आपल्या कागदी लिंबाची धार अधिक असते, त्यामुळे तीच मापे घेतली तर दात आंबतात. ६० मिली बर्बनला १५ मिली कागदी लिंबाचा रस आणि १५ मिली मोसंबीचा रस घ्यावा, वर साखरेचा पाक २० मिली. पाक म्हणजे फक्त समप्रमाणात साखर आणि पाणी गरम करून विरघळवलेले द्रावण; जिलेबीसारखा तारेचा पाक नको. डब्यात बर्फ घालून दहा-बारा सेकंद जोराने हलवावे आणि गाळून नव्या बर्फावर ओतावे. वरचा फेस आवडत असेल, तर परदेशात अंड्याचा पांढरा भाग घालतात. ज्या घरात ते चालत नाही किंवा कच्च्या अंड्याची धास्ती वाटते, तिथे मीठ आणि खाण्याचा सोडा न घालता उकडलेल्या काबुली चण्यांचे घट्ट पाणी २५ मिली घालावे. आधी बर्फाशिवाय एकदा हलवावे, मग बर्फासह. चण्याचा वास येत नाही, फेस मात्र तितकाच दाट येतो. या पेयाला ४५ टक्क्यांच्या पुढची आणि थोडी राय असलेली बर्बन हवी. गव्हाची बर्बन इथे लिंबापुढे नमते घेते.

जूलेप हे केंटकीचे स्वतःचे पेय, तिथल्या लुइव्हिल शहरातल्या चर्चिल डाउन्स या रेसकोर्सवर दर मे महिन्यात होणाऱ्या घोड्यांच्या शर्यतीशी जोडलेले. मंडईतली पुदिन्याची जुडी आणावी, फक्त कोवळी पाने घ्यावीत. आठ-दहा पाने आणि १५ मिली पाक पेल्यात घालून चमच्याने हलकेच दाबावीत. कुटली तर कडवटपणा उतरतो, चटणीची सवय असलेल्या हाताला हे आवर्जून सांगावे लागते. मग ६० मिली बर्बन, आणि वर स्वच्छ फडक्यात गुंडाळून बत्त्याने कुटलेला बारीक बर्फ शीग लावून. स्टीलचा पेला वापरला, तर बाहेरून दव धरते आणि पेय बराच वेळ गार राहते. बारीक बर्फ झपाट्याने वितळत असल्याने इथे ५० टक्क्यांची बर्बन असली तर उत्तम.

चौथे पेय आपल्या स्वयंपाकघरातले. कैरीचे पन्हे आणि बर्बन यांची जोडी इतकी सहज जमते, कारण पन्ह्यातला गूळ आणि वेलची बर्बनमधल्या जळक्या साखरेच्या आणि व्हॅनिलाच्या वासाशी नाते सांगतात, तर कैरीचा आंबटपणा लिंबाची जागा घेतो. पन्ह्याचा घट्ट गर करून ठेवावा; ६० मिली बर्बन, दोन मोठे चमचे गर, चिमूटभर मीठ आणि बर्फ एकत्र हलवून उंच पेल्यात गाळावे आणि वरून गार पाणी किंवा सोडा १०० मिली घालावा. केशर घालू नये, ते व्हिस्कीच्या पिंपाच्या वासाशी भांडते. कोकमही चालते, पण इथे नेमकेपणा हवा : आगळ खारट असतो, त्याचा एक चहाचा चमचा पुरे आणि पाक वेगळा घालावा लागतो, अमृत कोकम मुळातच गोड असते, त्यात पाक नको. हापूसचा रस मात्र बर्बनमध्ये घालू नये. रसाचा दाटपणा व्हिस्कीला गिळून टाकतो, व्हिस्की रसाचा सुगंध मारते, आणि मोसमातली दोन महागडी सुखे एकाच पेल्यात वाया जातात.

शेवटचे ओल्ड फॅशन्ड. उकाडा ओसरल्यावर, गच्चीवर पश्चिमेचा वारा सुटल्यावर ते घ्यावे. मोठ्या खड्यावर ६० मिली बर्बन, एक लहान चमचा पाक आणि अँगोस्टुरा बिटर्स या कडू अर्काचे दोन थेंब घालून वीसेक वेळा सावकाश ढवळावे. योहान सीगर्ट या डॉक्टरांनी १८२४ मध्ये व्हेनेझुएलात तयार केलेल्या या बिटर्सची छोटी बाटली वर्षानुवर्षे पुरते, त्यामुळे तिची किंमत पाहून परत ठेवू नये. संत्र्याची साल उन्हाळ्यात चांगली मिळत नाही, मोसंबीची घ्यावी.

तांब्या-पितळेची भांडी यातल्या कोणत्याही आंबट पेयासाठी वापरू नयेत. फोटोत ती सुंदर दिसतात, पण आतून कल्हई नसेल तर लिंबाने धातू उतरतो.

सातवी पायरी : नुसती चाखताना

इथे सौम्य बाटली काढावी, गव्हाची बर्बन किंवा ४३ टक्क्यांच्या आसपासची माल्ट. तोंडाशी निमुळता होणारा लहान पेला पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा. बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नये, कारण फार थंड व्हिस्कीचा वास बंद होतो. ३० मिलीच ओतावी. नाक पेल्याच्या आत न खुपसता काठाशी धरावे, तोंड किंचित उघडे ठेवावे, पहिला घोट फक्त जीभ सरावण्यासाठी घ्यावा. त्यानंतर गार पाण्याचे काही थेंब चमच्याने घालावेत. पाणी घालणे म्हणजे व्हिस्कीचा अपमान, असे मानणारे काका प्रत्येक घरात असतात; त्यांना सांगण्याजोगे एक संशोधन आहे. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावरच्या अभ्यासातून दाखवले, की तीव्रता कमी केल्यावर व्हिस्कीतला ग्वायकॉल हा वासाचा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो. म्हणजे पाण्याने वास झाकला जात नाही, उलट वर येतो. आपल्याकडे तर भपका कमी करण्याचे अधिकचे कामही तेच पाणी करते.

चकणा म्हणून भाजके शेंगदाणे आणि गुळाची चिक्की गव्हाच्या बर्बनबरोबर, तर बाकरवडी रायच्या बर्बनबरोबर ठेवून पाहावी. तिच्यातली बडीशेप, खसखस आणि गोड-तिखटपणा राय उचलून धरते. लसणाची शेव मात्र चाखण्याच्या वेळी दूर ठेवावी. पिण्याचे पाणी शेजारी हवेच, कारण उकाड्यात शरीर आधीच कोरडे पडलेले असते आणि अल्कोहोल त्यात भर घालते. घरी जाण्यासाठी कॅब बोलवावी. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आढळले तर तो गुन्हा ठरतो, आणि ही मर्यादा ६० मिलीच्या एका पेगातही ओलांडली जाऊ शकते.

आठवी पायरी : उरलेली बाटली

वाइनसारखी व्हिस्कीची बाटली आडवी ठेवू नये. तीव्र अल्कोहोल बुचाला खाते. ती उभी, अंधारात आणि घरातल्या सर्वांत गार भिंतीच्या कपाटात ठेवावी. फ्रिजच्या वरची जागा सोयीची वाटते, पण तिथे मागून सतत उष्णता येते. पश्चिमेच्या खिडकीजवळचा काचेचा शोकेस तर त्याहून वाईट, कारण उन्हाने रंग आणि चव दोन्ही फिकी पडतात. बाटली निम्म्याखाली गेली की आतली हवा हळूहळू तिचा सुगंध कमी करू लागते, म्हणून उरलेली व्हिस्की घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी, चिठ्ठीवर नाव आणि बाटली उघडल्याचा महिना लिहावा, आणि पावसाळा सुरू होईपर्यंत ती संपली नाही तरी चिंता करू नये. अशी भरलेली व्हिस्की पुढच्या उन्हाळ्यातल्या सावरसाठीही उपयोगी पडते.